घरातील दुसरे मूल

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



घरात एकाला मनाचा आजार झाला की सर्वांचे लक्ष त्या रुग्णाकडे लागते. ते योग्यच आहे. पण त्याच घरात दुसरेही मूल असते. आत्महत्या घडली तर लोक आई-वडिलांचे सांत्वन करतात आणि जाता जाता धाकट्याला बजावतात, "आता अम्मी-अब्बांना तूच सांभाळ." मग त्या पोराने रडायचे कोणापाशी?

2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत 13,044 विद्यार्थी होते. मागे राहिलेल्या भावंडांची नोंद मात्र कोठेच होत नाही.

अशा भावंडाला तीन प्रश्न छळतात. पहिला, माझ्यामुळे घडले का? त्याला स्पष्ट सांगा की एका भांडणाने असे होत नसते, कारणे अनेक असतात. दुसरा, मलाही हा आजार होईल का? स्किझोफ्रेनियासारख्या आजारातही दहांतील सुमारे नऊ सख्खी भावंडे निरोगी राहतात. तिसरा, हे विचारू कोणाला? कारण घरात त्या गोष्टीचे नावच निघत नाही. मुलीचे लग्न अडेल म्हणून आपण आजार झाकतो, आणि इलाज लांबतो.

झाकण्याची किंमत मोठी असते. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण त्यात मेले. तेही कोणाचे तरी भाऊ-बहीण होते. दुआ जरूर मागा, पण दवा सोडू नका.

पोलिसांच्या भीतीने कोणी गप्प राहू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे मानले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यावयाचे असतात. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही सेवा रात्रंदिवस विनामूल्य मिळते.

विद्यार्थी मित्रहो, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, किंवा मित्राच्या बोलण्यात दिसला, तर वडीलधाऱ्यांना सांगा. ही चुगली नव्हे. पालकांनो, आज घरी गेल्यावर गप्प बसणाऱ्या मुलाजवळ थोडा वेळ बसा. सरळ विचारल्याने असा विचार मनात शिरत नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते.