पाण्यावर रेघ दिसत नाही, शिक्षा मात्र बदलते

(जामसांवली येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या हनुमानाच्या दर्शनाला नागपूरहून माणसं येतात, त्यांना आपण राज्य विचारत नाही. आपली जाम नदीही विचारत नाही. ती कन्हानला मिळते, कन्हान नागपूर जिल्ह्यात उतरते आणि पुढे पेंचही तिच्यातच येते. पण त्याच पाण्यात जाळं टाकलं की कायदा पहिला प्रश्न हाच विचारतो : कुठल्या हद्दीत होतास?

आधी आपल्या बाजूचं बघू. मध्य प्रदेशात दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण हे दिवस मासळीच्या अंडी घालण्याचे. या काळात मासे धरणं, विकणं, वाहून नेणं, सगळंच बंद. नदीशी काही संबंध नसलेले लहान तलाव तेवढे यातून सुटतात. नियम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बारूद फोडून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे, आणि तो बाराही महिने.

आता तोतलाडोह. पेंचवरचं हे धरण रामटेक तालुक्यात आहे, पण त्याचं पाणी दोन्ही राज्यांत पसरलंय आणि दोन्हीकडे व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलातून उठवलेल्या आदिवासींना मध्य प्रदेश सरकारनं तिथं मासेमारीचे ३०५ परवाने दिले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९७ मध्ये कोर्टानं परवाने रद्द केले नाहीत. जंगल वाचलं पाहिजे आणि ज्यांचं जगणं त्यावर होतं त्यांचं पोटही भरलं पाहिजे, अशी भूमिका घेतली. अटी मात्र कडक घातल्या : फोटोचं ओळखपत्र हवं, काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही, जंगलात इतरत्र फिरायचं नाही.

पण नीट ऐका. तो परवाना त्या ३०५ जणांचा होता आणि मध्य प्रदेशनं दिलेला होता. तो दाखवून महाराष्ट्राच्या हद्दीत जाळं टाकता येत नाही. आणि ज्याच्याकडे परवानाच नाही, त्याला दोन्ही बाजू सारख्याच बंद.

इथं शिक्षेचा आकडा एकदम वर जातो. वन्यजीव कायद्यात २००६ ला दुरुस्ती झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे आपण ज्याला कोअर म्हणतो तिथं, गुन्हा सिद्ध झाला तर पहिल्याच वेळी किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, आणि ५० हजार ते २ लाख दंड. डोंगा, जाळं, गाडी जप्त होते ती वेगळीच. नदीत बंदीच्या दिवसांत धरलेला मासा आणि कोअरमध्ये धरलेला मासा, बाजारात भाव एकच. खरेदी करणारा शहरात बसलेला असतो. हातात जाळं ज्याच्या, कोर्टाच्या तारखा त्याच्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : हा हिशेब आपल्या पोरांना पाण्यात उतरायच्या आधी कळला पाहिजे. सूचना हिंदीत निघतात, कोर्टाचे निकाल इंग्रजीत. ज्या घरात मराठी बोलतात तिथं वाचून कोण सांगणार? तुम्ही सांगायचं. तुम्ही शिकलेले आहात.

आणि कुणाला धरलंच तर घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका. का धरलं ते सांगणं बंधनकारक आहे. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि बाईमाणसाला १९८७ च्या कायद्यानं सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि तक्रार मराठीत लिहा. संविधानाच्या कलम ३५० नं तो हक्क दिलाय, मध्य प्रदेशातसुद्धा.

येत्या जूनच्या आधी आपापल्या गावातल्या ढीवर, भोई आणि आदिवासी वस्तीत एक बैठक घ्या. तारखा आणि शिक्षा मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. मला बोलवाल तर मी येतो.