शस्त्रक्रियेनंतरचा हात



राहात्याच्या पेरूबागांत फळ तोडणाऱ्या स्त्रीचा हात दिवसभर खांद्याच्या वर असतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तोच हात वर जाईनासा झाला, तर व्याधी बरी होऊनही तिची मजुरी बुडते. साध्या निऱ्या खोचणे, वेणी घालणे यांसाठीही तिला दुसऱ्याकडे पाहावे लागते.

याचे कारण समजून घ्यायला हवे. या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथीही अनेकदा काढाव्या लागतात. जखम भरताना छातीची त्वचा व स्नायू आवळतात. काही रुग्णांना काखेतून दंडापर्यंत दोरीसारखी ओढ जाणवते. किरणोपचारांनी हा ताठरपणा वाढू शकतो. शिवाय किरणोपचार घेताना हात बहुधा डोक्याच्या वर स्थिर ठेवावा लागतो. खांदा आखडलेला असेल, तर तेथेच अडचण येते. म्हणूनच व्यायाम हा उपचाराचाच भाग होय.

घरची मंडळी मायेपोटी ‘हात हलवू नकोस’ म्हणतात. परंतु निश्चल हात अधिकच आखडतो. खांद्याच्या तक्रारींचा धोका अधिक असलेल्या ३९२ स्त्रियांचा ब्रिटनमधील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी मार्गदर्शनाखाली व्यायाम सुरू केलेल्या स्त्रियांचे हात वर्षभरानंतर अधिक कार्यक्षम आढळले.

या व्यायामांना यंत्रे लागत नाहीत. आरंभी मुठीची उघडझाप करावी, कोपर वाकवावे, केस विंचरावेत. निचऱ्याची नळी निघाल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढावे. उताणे झोपून दोन्ही हातांत धरलेली काठी डोक्यामागे न्यावी. ओढ जाणवावी, तीव्र वेदना नव्हे. बोटे पोचतील तेथे खडूने खूण करावी. ती किती वर सरकली, हे घरच्यांनी कौतुकाने पाहावे.

वजन उचलण्याचे भय अनेकींना वाटते. अमेरिकेत हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांच्या २००९ मधील अभ्यासात, देखरेखीखाली क्रमाक्रमाने वाढवलेल्या वजनाने सूज वाढल्याचे दिसले नाही. मात्र हात अचानक सुजला, लाल झाला किंवा ताप आला, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

राहाता तालुक्यातच, लोणी येथे, प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय व फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. शस्त्रक्रियेसाठी रुग्णासोबत मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कुटुंबाने पुढील काही महिने व्यायामाच्या मार्गदर्शनासाठीही तिच्यासोबत जावे. तिचा हात पुन्हा फांदीपर्यंत पोचेतो शुश्रूषा पूर्ण झाली, असे मानू नये.