कुर्ली खंयची? मनगट सांगेल!
(प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण, सर्व गटांसाठी)



आज हिशोबाचं रजिस्टर बाजूला ठेवून मी कुर्लीबद्दल बोलणार आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते, कारण ती चूक तुमच्यापैकी कुणी परत करू नये असं मला वाटतं.

मी समन्वयक म्हणून नवीन रुजू झाले तेव्हा खाडीकाठच्या एका गटाने कांदळवनाजवळ कुर्लीपालन करायचं ठरवलं. व्यवसाय आराखडा मी केला. ग्रामसंघातून कर्ज घेतलं, बांध घातला, जाळी लावली. बारक्या कुर्ल्या खाडीत पकडणाऱ्यांकडून विकत घेतल्या. आराखड्यात मी एकच वजन धरलं होतं, की सगळ्या कुर्ल्या सारख्याच वाढतील. कुर्ली ती कुर्ली, तेत काय बघूचा, असंच माझ्या डोक्यात होतं.

काही महिन्यांनी जाळीत हात घातला तर काही कुर्ल्या चांगल्या भरलेल्या, आणि बाकीच्या तशाच लहान. त्या लहान कुर्ल्यांनी बांधाला बिळं पाडून ठेवलेली. काही तर पळूनही गेल्या. व्यापाऱ्याने वजनाप्रमाणे निवड केली, लहान माल स्वस्तात गेला. दोन हप्ते बायकांनी काजूच्या मजुरीतून भरले. त्या दिवशी मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

गटातल्या एक आजी मात्र म्हणाल्या, "बाय, त्या बिळातल्यो कुर्ल्यो होत्यो. माका तेव्हाच म्हायती होता. पण तू इचारलंस खंय?"

मैत्रिणींनो, आजींचं बरोबर होतं. आपल्या खाडीत चिखलातली कुर्ली एक नाही, दोन जातींची असते. एकीला शास्त्रात सिल्ला सेराटा म्हणतात, दुसरीला सिल्ला ऑलिव्हेसिया. सोयीसाठी आपण एकीला हिरवी म्हणू आणि दुसरीला तांबडी. दोघी एकाच बाजारात एकाच टोपलीत दिसतात. पण हिरवी दोन किलोच्याही वर जाऊ शकते, आणि तांबडी तिच्यापेक्षा बरीच लहान राहते. म्हणजे आम्ही कर्ज हिरवीच्या हिशोबाने काढलं आणि बांधात सोडली दोन्ही मिसळून.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेल्या मुलीला एवढंही कळलं नाही? तर ऐका, मोठमोठे शास्त्रज्ञही यात फसले आहेत. फिलिपिन्स देशात मच्छीमार या कुर्ल्यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखत होते. तिथल्या एस्टाम्पाडोर नावाच्या अभ्यासकाने १९४९ साली लिहून ठेवलं की यात तीन जाती आणि एक उपप्रकार आहे. पण १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी ठरवलं की सगळ्या मिळून एकच जात. शेवटी १९९८ मध्ये शरीराची मापं आणि जनुकं दोन्ही तपासली, तेव्हा जगात चार जाती आहेत हे नक्की झालं. आपल्या देशात तर नावांची अदलाबदलच झाली होती. जुन्या लिखाणात लहान कुर्लीलाच सेराटा म्हटलेलं सापडतं. भारताच्या किनाऱ्यावर दोनच जाती आहेत, हे दाखवणारा जनुकीय अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून जुनं माहितीपत्रक हातात आलं तर नुसत्या नावावर जाऊ नका.

मग ओळखायचं कसं? आधी कुर्लीचे डेंगे नीट बांधा, मग तीन ठिकाणी बघा.

पहिलं, मनगट. डेंग्याच्या मोठ्या पंजामागे जो सांधा असतो, ते कुर्लीचं मनगट समजा. त्याच्या बाहेरच्या बाजूला हिरवीला दोन टोकदार काटे असतात. तांबडीला तिथे एकच बारीक काटा असतो, किंवा नुसता उंचवटा.

दुसरं, कपाळ. दोन डोळ्यांच्या मधे चार दात दिसतात. हिरवीचे उंच असतात, तांबडीचे बुटके आणि गोल.

तिसरं, पाय. हिरवीच्या सगळ्या पायांवर जाळीसारखी नक्षी असते. तांबडीच्या पायांवर ती दिसत नाही.

रंग सगळ्यात शेवटी बघा, कारण चिखल आणि पाणी बदललं की रंगही बदलतो. एकाच खुणेवरून निकाल देऊ नका, तिन्ही बघा. अगदी बारक्या पिल्लांत या खुणा नीट दिसत नाहीत, म्हणून बारकं बीज कुठून आलं हे विचारणं जास्त महत्त्वाचं. तमिळनाडूत राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राची हॅचरी आहे, तिथे हिरव्या कुर्लीचं बीज तयार करतात. बीज कुठूनही घ्या, पावतीवर जात लिहून मागा.

आता राहणीमान. तांबडी कांदळवनाच्या चिखलात बीळ करून राहते, कमी खारं पाणी तिला चालतं. हिरवीला खारं पाणी जास्त मानवतं आणि ती बिळापेक्षा पाण्यात फिरणारी. म्हणून आजी नुसत्या कुठे सापडली यावरून सांगू शकल्या. दोघींच्या माद्या अंडी घालायला समुद्राकडे जातात. पिल्लं खाऱ्या पाण्यात वाढतात आणि मग खाडीत, कांदळवनाच्या आसऱ्याला येतात. तिवर तोडली तर दोघींचंही घर जातं. आणि पोटाखाली बाहेर अंड्यांचा केशरी किंवा काळपट घोस असलेली मादी मिळाली, तर तिला सोडून द्या. एका मादीकडे लाखो अंडी असतात. एका कालवणासाठी एवढं नुकसान परवडणारं नाही.

त्या गटाने नंतर काय केलं ते सांगते. एक साधी वही घातली. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, बिळातली की जाळ्यातली, मनगटाला काटे किती, नर की मादी, वजन किती. एवढेच रकाने. ज्यांना लिहिता येत नाही त्या बघून सांगतात, मुली लिहितात. आजी पहिल्या सांगणाऱ्या! आता नवीन कुर्ल्या घेताना वजनकाट्याच्या आधी मनगट बघितलं जातं. तांबड्या वेगळ्या काढून लवकर विकतात, हिरव्या तेवढ्या वाढवतात. कर्जाचा हप्ता कशावर फिटणार हे आधीच कळतं. माझा आराखडाही आता दोन रकान्यांत असतो.

मैत्रिणींनो, अभ्यास म्हणजे फक्त कॉलेजात होतो असं समजू नका. रोज बघणं, दोघींतला फरक धरणं आणि तो लिहून ठेवणं, हाच अभ्यास. बघण्याचं काम तुम्ही पिढ्यानपिढ्या करत आलात, लिहिण्याचं तेवढं राहिलंय.

म्हणून माझी विनंती आहे. खाडीकाठच्या प्रत्येक गटाने पुढच्या सभेला अशी एक वही घेऊन यावी. दहाच कुर्ल्यांची नोंद असली तरी चालेल. आणि कर्जाच्या अर्जावर सही करायच्या आधी आपल्या गावातल्या एका जाणत्या बाईला विचारावं. मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.