बालवाडीची पारख
(हीरकमहोत्सवी पालक मेळाव्यातील भाषण)



इंदिरानगरात तीन वर्षांच्या मुलासाठी बालवर्ग निवडताना पालक बहुधा आधी इमारत पाहतात, मग शुल्क आणि मग माध्यम. खेड्यांतील सार्वजनिक बालवाड्यांची तुलनाही अशीच होते: खोली पक्की आहे काय, खेळणी किती, पटावर मुले किती. या मोजमापाचा उणेपणा मराठी मुलखात फार पूर्वीच लक्षात आला होता.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरींच्या विचाराने ते भारावले होते. परंतु त्या पद्धतीची साधने महाग होती आणि खेड्याला न परवडणारी. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथे शंख, शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच शिक्षणाची साधने झाली.

या प्रयोगात बालवाडीचे दोन प्रकार आकारास आले. मध्यवर्ती बालवाडी ठरावीक जागी, ठरावीक वेळी भरे. तेथे शिस्त होती, साधनांची मांडणी होती. परंतु धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी तेथवर पोहोचत नसे. म्हणून दुसरी बालवाडी मुलांच्या अंगणातच नेण्यात आली. ती तितकी नीटनेटकी नव्हती. पण तिच्यापासून मूल दुरावत नव्हते. १९५७ नंतर कोसबाडच्या वारली पाड्यांत हाच विचार पुढे गेला आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली. कर्नाटकात तिचा आरंभ म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे झाला. 'अंगणवाडी' हा शब्द आज कन्नड मातांच्याही तोंडी आहे. या योजनेने बालकाला आहार, लसीकरण आणि आरोग्यतपासणी दिली, हे उपकार मोठेच. परंतु वजने घेणे, गृहभेटी देणे, नोंदी ठेवणे या कामांत सेविकेचा दिवस सरतो आणि गाणी-गोष्टींची वेळ आकसते. नाव अंगणाचे राहिले, तरी अंगणातला संवाद टिकवावा लागतो.

म्हणूनच बालवाडी खेड्यातली असो वा शहरातली, तिची पारख तीन प्रश्नांनी करावी. मूल तेथे आपल्या घरच्या भाषेत मोकळेपणाने बोलते काय? साहित्य स्वतः हाताळते, की कपाटाच्या काचेतून नुसते पाहते? शिकवणाऱ्या बाईंना त्याचे घर ठाऊक आहे काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात गुंफली असून, शक्य तेथे घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला आहे. घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि फलकावर इंग्रजी अशा नगरात वाढणाऱ्या बालकाला हा आधार अधिकच हवा.

ज्या घरांत मुलांना निवडीची मोकळीक आहे, त्याच घरांत काम करणाऱ्या मातांची मुले जवळच्या अंगणवाडीत जातात. माजी विद्यार्थ्यांनी हीरकमहोत्सवी वर्षात त्या दारी आठवड्याचा एक तास द्यावा. हाती गोष्टींचे पुस्तक असावे आणि मुलांची भाषा ऐकण्याची तयारी असावी. बोर्डी-कोसबाडच्या त्या शिक्षिकांचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग नाही.