गेरी डॉर्सीचा जुना रूममेट

जबलपूरच्या सिविल लाइंसमधून बोलतोय. फौजी माणूस आज गाण्यावर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला नवल वाटेल. पण हा गायकही काही काळ फौजी होता, आणि तोही सिग्नल्सचा. आमच्या सिग्नल कोअरचं ट्रेनिंग सेंटर इथे जबलपुरातच आहे. तेव्हा आमचं थोडं नातं लागतं.

गायकाचं नाव एंगलबर्ट हम्परडिंक. खरं नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी. जन्म २ मे १९३६, मद्रासचा. वडील ब्रिटिश फौजेत, घरात दहा भावंडं. तो दहा वर्षांचा असताना कुटुंब इंग्लंडला, लेस्टरला गेलं. आधी सॅक्सोफोन वाजवायचा, मग गाऊ लागला. जेरी लुईसची नक्कल छान करायचा, म्हणून 'गेरी डॉर्सी' हे नाव पडलं. सक्तीच्या सैनिकी सेवेत रॉयल सिग्नल्समध्ये जर्मनीत राहून आला. १९५९ साली पहिली रेकॉर्ड निघाली, पण चालली नाही. १९६१ मध्ये क्षय झाला आणि गाणंच थांबलं.

बरा होऊन परतला, तेव्हा त्याला विचारतंय कोण! मग १९६५ मध्ये गॉर्डन मिल्स पुढे आला. हा त्याचा जुना रूममेट, आता टॉम जोन्सचा मॅनेजर झालेला. त्याने आधी नाव बदललं. 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' हा ऑपेरा रचणाऱ्या जर्मन संगीतकाराचं नाव उचलून याला दिलं. १९६७ मध्ये 'रिलीज मी' आलं. ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या नंबरवर! त्यामुळे बीटल्सची 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ही रेकॉर्ड दुसऱ्या नंबरवरच राहिली. गाणं तिथल्या यादीत सलग ५६ आठवडे टिकलं. त्याच वर्षी 'द लास्ट वॉल्ट्झ'ही पहिल्या नंबरवर गेलं.

आता माझं सांगतो. चाळिशीत मलाही क्षय झाला. पाच महिने हॉस्पिटलमध्ये होतो. मेडिकल कॅटेगरी खाली आली, प्रमोशन हुकलं. कोर्समेट पुढे गेले. मी कुणाचे फोन घेईना, बायकोशीसुद्धा धड बोलेना. एक कोर्समेट मात्र न विचारता आला. येताना कॅसेट प्लेअर आणि एंगलबर्टची कॅसेट घेऊन आला. म्हणाला, "बोलू नकोस, नुसता ऐक." दोन तास शेजारी बसून राहिला. दर रविवारी यायचा. हळूहळू मी बोलू लागलो.

गाणाऱ्यालाही हाच आजार झाला होता, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं. त्या कोर्समेटला सांगायला हवं होतं. पण तोवर तो राहिला नव्हता.

२०१२ मध्ये, ७६ व्या वर्षी, एंगलबर्ट ब्रिटनतर्फे युरोव्हिजन स्पर्धेत गायला. २६ जणांत पंचविसावा आला. हरला म्हणा हवं तर. मी म्हणतो, गात होता.

आपण जिद्दीच्या गोष्टी फार सांगतो. जिद्द हवीच. पण गेरी डॉर्सीला जुन्या रूममेटची आठवण उपयोगी पडली. तुमच्याही बॅचमधला कुणीतरी मागे पडला असेल, फोन घेत नसेल. घेत नसेल तर सरळ घरी जा. उशीर करू नका.

भेटू पुन्हा. जय हिंद.