सातगाव पठारावरून अँडीजकडे



 फेब्रुवारी संपत आलाय, मंचरच्या शिवारात बटाट्याची काढणी चालू आहे, मजूर मिळेना झालेत आणि बाजारभाव सकाळी एक तर दुपारी दुसरा. अशा दिवसांत सभागृह भरलेलं पाहून स्वागताध्यक्ष म्हणून मला आनंद होतोय आणि शेतकरी म्हणून थोडी काळजीही वाटतेय.

दक्षिण अमेरिकेतल्या इंकांवरच्या या परिषदेच्या निमंत्रणपत्रिका वाटायला निघालो तेव्हा पारावरच्या मंडळींनी हटकून एकच प्रश्न विचारला. इंका लोकांचं आणि आंबेगाव-जुन्नरचं नातं काय? त्यांचा सूर्यदेव तिकडं, आपला भीमाशंकर इकडं. मध्ये दोन महासागर. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर माझ्यापाशी पोथीतलं नाही, बांधावरचं आहे.

पेठचा घाट चढून वर गेलात की सातगाव पठार लागतं. पेठ, कुरवंडी, कारेगाव, थुगाव, भावडी ही तिथली गावं. बाकी महाराष्ट्रात बटाटा बहुतेक करून थंडीत लावतात. या पठारावर तो पावसाळ्यात होतो, कारण हवा गार असते आणि पाऊस बेताचा पडतो. जून-जुलैत वाफसा आला की सऱ्या पाडून बेणं लावायचं आणि मग आभाळाकडं बघत बसायचं. ज्या पिकावर आमची लग्नं झाली, घरं उभी राहिली, पोरं पुण्याला शिकली, ते पीक अँडीजमधल्या टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या डोंगराळ माणसांनी सात-आठ हजार वर्षांपूर्वी रानातून शेतात आणलं. रानटी बटाटा कडू आणि विषारी असतो. तो खाण्याजोगा होईपर्यंत किती पिढ्यांनी चाखून, निवडून, पुन्हा लावून पाहिला असेल, याचा विचार शेतकऱ्यानंच करावा.

आता इंकांकडं येतो. त्यांचं साम्राज्य आपल्याला पुराणकाळाइतकं जुनं वाटतं, पण ते तसं नाही. पाचाकुती राजा कुस्कोत गादीवर आला तो साधारण 1438 साली, आणि स्पॅनिश सरदार पिझारोनं काहामार्का गावात इंका राजा अताहुआल्पाला पकडलं ते 16 नोव्हेंबर 1532 रोजी. म्हणजे पुरती शंभर वर्षंही नाहीत. 1490 मध्ये मलिक अहमदनं आपल्या जुन्नरातून निजामशाहीचा कारभार सुरू केला, तेव्हा तिकडं तुपाक इंका राज्य करत होता. आमची निजामशाही 1636 पर्यंत टिकली. तरीही जगाला इंका माहीत आहेत, जुन्नरची निजामशाही पुण्यातल्या मुलांनासुद्धा माहीत नसते. ही तक्रार नाही, सहज लक्षात आलं म्हणून सांगितलं.

इंका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं सोनं येतं, नाहीतर माचू पिचूचा फोटो. दोन्हींना माझा विरोध नाही. पण सोनं स्पॅनिशांनी वितळवून नेलं, आणि माचू पिचूकडं जगाचं लक्ष गेलं ते 1911 मध्ये हायरम बिंगहॅम तिथं पोहोचल्यावर. त्याआधी आणि त्यानंतरही त्या डोंगरातली माणसं जे करत आली, ते म्हणजे उतारावरची शेती. या परिषदेत त्या शेतीला मानाची जागा मिळावी, एवढीच यजमान म्हणून माझी मागणी आहे. ही मागणी इथूनच का, ते सांगतो.

आपल्या पश्चिम भागात, भीमाशंकरच्या बाजूला आणि जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात, महादेव कोळी समाजात पडकई नावाची रीत आहे. तीव्र उतारावर ताल घालायची, दगड रचायचे, माती धरायची आणि भाताचं खाचर तयार करायचं. हे एकट्या घराचं काम नाही. आज सगळी वाडी तुझ्या उतारावर, उद्या माझ्या. मजुरी नाही, जेवण घालायचं आणि पाळी फेडायची. अँडीजमध्ये हीच रीत 'आयनी' नावानं चालते, आजही चालते. त्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत दगडी भिंतीमागं खाली मोठे धोंडे, त्यावर खडी, मग वाळू आणि वर माती असे थर असतात. पाणी मुरतं, पण साचून भिंत ढकलत नाही. 30 जुलै 2014 ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर पडकईवरही बोट ठेवलं गेलं. माझं मत असं की हातानं, पिढ्यांच्या अंदाजानं घातलेली ताल आणि यंत्रानं एका दिवसात कापलेला उतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याला वाट कुठून ठेवली, हा खरा प्रश्न. पेरूतही 31 मे 1970 च्या भूकंपात हुआस्कारान शिखराचा कडा कोसळून युंगाय हे अख्खं गाव गाडलं गेलं. डोंगराशी संसार करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला हवं, ते या कारणासाठी.

दुसरी गोष्ट साठवणीची. थोरांदळ्याकडं गेलात तर झाडांच्या सावलीत बटाट्याच्या अरणी लागलेल्या दिसतील. काढलेला बटाटा निवडायचा, सडका-कापलेला बाजूला काढायचा, मग सावलीत ढीग रचून वरून पाचट-सरमाड असं जाड झाकायचं. ऊन लागलं तर बटाटा हिरवा पडतो, ओल लागली तर सडतो. भाव येईपर्यंत अरण राखायची. अरणीला नाट लावणारी ती बटाट्यावरची पाकोळीसुद्धा मूळची दक्षिण अमेरिकेचीच. बटाट्यामागोमाग वैरीही आला. इंकांच्या मुलखात साठवणीचा हाच प्रश्न त्यांनी थंडीच्या जोरावर सोडवला. जूनच्या रात्री चार हजार मीटर उंचीवर बटाटे उघड्या माळावर पसरायचे, ते गोठायचे. दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की दगडासारखा कोरडा 'चुन्यो' तयार. तो वर्षानुवर्षं टिकतो. वारा लागणाऱ्या उतारावर बांधलेल्या सरकारी कोठारांत चुन्यो भरलेला असायचा. सैन्य आलं, दुष्काळ पडला, की कोठार उघडायचं. धान्य किती आलं, किती गेलं याचा हिशेब 'खिपू' नावाच्या दोऱ्यांच्या गाठींत, दशमान पद्धतीनं. आपल्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात दानाचे आकडे दगडावर कोरलेत. त्यांनी दोऱ्यात गाठवले.

पुढं स्पॅनिशांनी याच गोष्टी वापरून माणसं पिळली. इंकांच्या काळात राज्यासाठी पाळीपाळीनं काम करायची 'मिता' होती. 1573 पासून तिचीच वेठ झाली आणि पोटोशीच्या खाणीत गावंच्या गावं उतरवली गेली. पोटात चुन्यो, पाठीवर चांदीचं ओझं. ती चांदी युरोपमार्गे सुरतेला पोचली आणि मोगलांच्या टांकसाळीत तिचे रुपये पडले. जुन्नरच्या पेठेत फिरलेल्या एखाद्या रुपयात पोटोशीच्या वेठीची चांदी असणार, याबद्दल मला शंका वाटत नाही.

या सगळ्याची फिर्याद एका माणसानं लिहून ठेवली, त्याचं नाव इथं घ्यायलाच हवं. ग्वामान पोमा. इंका काळाच्या आठवणी सांगणाऱ्या घराण्यातला हा म्हातारा, 1615 च्या सुमारास त्यानं स्पेनच्या राजाला जवळपास बाराशे पानांचं पत्र लिहिलं, त्यात 398 चित्रं काढली. एका चित्रात बटाट्याची लागवड आहे. पुरुष पायानं दाबायच्या नांगरानं माती उचलतोय, समोर वाकलेली बाई बेणं ठेवतेय, तिसरं माणूस ढेकूळ फोडतंय. आमच्या पठारावरच्या कुठल्याही बाईला ते चित्र दाखवा, ती कामातली चूक काढायला लागेल. हे हस्तलिखित 1908 साली कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडलं. तक्रारअर्ज तीनशे वर्षं कपाटात पडून राहणं आपल्याला नवीन नाही.

इंका 1572 मध्ये संपले, असं पुस्तकं सांगतात, कारण त्या साली शेवटचा इंका राजा तुपाक अमारू कुस्कोच्या चौकात मारला गेला. पण 1780 मध्ये त्याचंच नाव घेऊन दुसरा तुपाक अमारू उठला आणि सारा डोंगर पेटला. 1821 ला पेरू स्वतंत्र झाला तरी जमीन हासिएंदावाल्या जमीनदारांकडंच राहिली. ती कुळांकडं यायला 1969 चा जमीनसुधारणा कायदा यावा लागला, आणि क्वेचुआ भाषेला सरकारदरबारी मान मिळायला 1975 साल उजाडलं. ज्यांनी बटाटा दिला त्यांची भाषा कचेरीत चालायला स्वातंत्र्यानंतर दीडशे वर्षं लागली.

आता बेण्याबद्दल. आम्ही दरवर्षी पंजाबचं बेणं घेतो. ज्योती, पुखराज आणि वेफर्सचे एक-दोन वाण, संपलं. करपा आला की सगळ्या शिवारात एकदम येतो, आणि 1845 ला आयर्लंडमध्ये एकाच वाणावर विसंबलेल्या लोकांचं काय झालं ते इतिहासात आहे. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात अँडीजचे चार हजारांच्या वर वाण जपलेत. कुस्कोजवळ पिसाक भागातल्या गावांनी 2004 साली त्या केंद्राशी करार केला आणि आपल्याच पूर्वजांचे चारशेहून अधिक वाण शेतात परत आणले. काळे, जांभळे, वाकडे, खडबडीत. आमच्या मंचरच्या आडतीत त्यांना कुणी विचारणार नाही, पण तिथल्या बाया सांगतात कुठला वाण गारठ्याला, कुठला लग्नाला. आमच्याकडं संशोधनाची परंपरा होती, राजगुरुनगरला बटाट्याचं केंद्र होतं. गावानं स्वतःचं बेणं राखायची सवय मात्र आम्ही लावून घेतली नाही. या परिषदेतून त्याबद्दल काही निघालं तर यजमानपणाचा खर्च वसूल झाला असं मी समजेन.

थोडं व्यवस्थेचं. आज दुपारी जेवणात मासवडी आणि भाकरी आहे. रस्सा तिखट आहे. मिरची आणि शेंगदाणा हेही अमेरिका खंडांकडचेच पाहुणे, तेव्हा तक्रार तिकडं करावी. उद्या सकाळी 7 वाजता एक गाडी थोरांदळ्याच्या अरणी पाहायला आणि दुसरी नाणेघाटाकडं निघेल. खोडदच्या दुर्बिणीची वेळ मिळाली तर तिसरीही सोडू. इंका आकाशगंगेतल्या काळ्या डागांत लामा आणि कोल्हा पाहायचे, ते आपल्या शास्त्रज्ञांकडून समजून घेता येईल. निवास उसाच्या शेतांजवळ आहे. कुस्को नगरी प्यूमाच्या आकाराची होती म्हणतात. आमच्याकडं बिबट्या आकारात नाही, प्रत्यक्षात आहे. अंधार पडल्यावर कुणी एकटं फिरू नये.

 काही उणं पडलं तर मला सांगा, मी मागच्या दाराशी भटारखान्याजवळ असेन. अध्यक्षा मॅडमना विनंती, त्यांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.