पावसाळ्यात हिरवं कुंपण

अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीत अंगण लहान असलं, तरी हिरवं कुंपण करता येतं. त्यासाठी जून-जुलैचा पाऊस उत्तम. मेंदीच्या किंवा कोयनेलच्या पेन्सिलएवढ्या जाड, वीतभर लांब फांद्या एकेक फुटावर लावा. दोन डोळे मातीखाली जाऊ द्या. रोपं गुडघ्याएवढी झाली की शेंडे खुडा, म्हणजे बुडापासून फुटवे येतात. कापताना कुंपण खाली रुंद, वर निमुळतं ठेवा. नाहीतर सावलीमुळे खालची पानं गळतात.

कुंपणासोबत कुंडीत जास्वंद लावली, तर तिला रोज चार-पाच तास ऊन हवं. कुंडीच्या तळाला भोक हवंच. आपल्याकडच्या पावसात पाणी तुंबलं की मुळं कुजतात. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा.

दारात जागा असेल, तर ताम्हण लावा. त्याचं जांभळं फूल हे महाराष्ट्राचं राज्यफूल. ते ऐन उन्हाळ्यात फुलतं. खड्डा दोन फुटांचा घ्या, भिंतीपासून दहा फूट अंतर राखा. आणि जुनं झाड तोडायची वेळ आलीच, तर आधी नगरपरिषदेची परवानगी घ्या. १९७५ च्या राज्य कायद्यानुसार ती बंधनकारक आहे.